पेल्टियर लावण्याआधी वॅटचा हिशेब

चार सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि जेमतेम चार मिलिमीटर जाड अशी सिरॅमिकची पांढरी वडी, म्हणजे पेल्टियर मॉड्यूल. तिच्या कडेतून एक लाल आणि एक काळी तार बाहेर आलेली. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल या तारांना दोन-तीन सेकंद टेकवा आणि वडी चिमटीत धरा. एक बोट गार पडतं, दुसऱ्याला ऊब लागते. पंखा नाही, कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची, आवड असलेल्या माणसाच्या मनात पुढचा विचार ठरलेला असतो: ही वडी थेट प्रोसेसरवर बसवली तर?

बसवता येते, आणि ती कामही करते. पण असे प्रयोग फसतात तेव्हा मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो, की ही वडी उष्णता नाहीशी करते. ती फक्त हमाली करते. एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकते, आणि या हमालीसाठी जेवढी वीज खाते तेवढीही उष्णता होऊन गरम बाजूलाच जमा होते. प्रोसेसरचे १०० वॅट उचलायला १५० वॅट वीज लागली, तर रेडिएटरला, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या भागाला, २५० वॅट बाहेर टाकावे लागतात. हा हिशेब आधी कागदावर मांडला, तर पैसा आणि मदरबोर्ड दोन्ही वाचतात.

वडीच्या आत काय चालतं

दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की सांधा थंड किंवा गरम होतो, हे १८३४ साली झाँ पेल्तिए या फ्रेंच माणसाने दाखवलं. मूळचा तो घड्याळजी. आपण त्याच्या नावाचा ‘पेल्टियर’ केला आहे, तेच नाव इथे चालवू. साध्या धातूंमध्ये हा परिणाम फार क्षीण होता. १९५० च्या दशकात बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक हाती आला आणि मग त्यातून कामाचं यंत्र घडलं.

बाजारात सर्वांत जास्त मिळणारं मॉड्यूल टीईसी१-१२७०६. नावातच माहिती आहे: १ म्हणजे एकच थर, १२७ म्हणजे अर्धवाहक दाण्यांच्या जोड्या, ०६ म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ६ अँपिअर. हे सगळे दाणे विजेच्या दृष्टीने एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. म्हणून एका दाण्याचं डाख तुटलं की अख्खं मॉड्यूल मेलं.

चालू मॉड्यूलमध्ये तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. विहिरीवरचा जुना रहाट डोळ्यांसमोर आणा. पहिली गोष्ट म्हणजे उपसा: करंट जितका जास्त, तितकी उष्णता वर येते. दुसरी, करंटमुळे दाणे स्वतःच तापतात आणि त्या तापाचा साधारण अर्धा वाटा थंड बाजूला येतो. हा ताप करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट दुप्पट तर ताप चौपट. तिसरी, गरम बाजूची उष्णता दाण्यांमधूनच परत थंड बाजूकडे झिरपते, जशी रहाटाच्या गाडग्यांतून पाण्याची धार पुन्हा विहिरीत पडते. दोन बाजूंच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी ही गळती मोठी. उपशातून ताप आणि गळती वजा करून जे उरतं, तेवढंच प्रोसेसरच्या वाट्याला येतं.

आता आकडे घालू. अशा मॉड्यूलसाठी ढोबळमानाने तीन संख्या धरता येतात: उपशासाठी दर अंशाला ०.०५ व्होल्ट, अंतर्गत रोध २ ओहम आणि गळती दर अंश फरकाला ०.५ वॅट. समजा गरम बाजू ५० अंश आणि थंड बाजू २० अंश सेल्सिअसला ठेवायची आहे. निरपेक्ष मापात थंड बाजू २९३ केल्व्हिन. करंट ४ अँपिअर दिला तर उपसा ०.०५ × ४ × २९३, म्हणजे सुमारे ५८.६ वॅट. त्यातून तापाचे १६ (४ × ४ × २ चं अर्धं) आणि गळतीचे १५ (३० × ०.५) वजा करा. हाती राहिले २७.६ वॅट. यासाठी वीज लागली ३८ वॅट (पूर्ण ताप ३२, आणि ०.०५ × ४ × ३० म्हणजे ६).

आता करंट ६ अँपिअर करा. उपसा ८७.९, ताप ३६, गळती तीच १५. हाती ३६.९ वॅट. वीज मात्र ८१ वॅट. जेमतेम ९ वॅट जास्त उपसण्यासाठी ४३ वॅट जास्त खर्च झाले, आणि हे सगळे गरम बाजूला पडणार. तिथला हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) तेवढं सोसू शकला नाही तर गरम बाजू चढते, गळती वाढते आणि मिळालेले ९ वॅटही जातात. ‘करंट वाढवला तर प्रोसेसर आणखी तापला’ ही तक्रार इथून येते. मॉड्यूल बिघडलेलं नसतं, हिशेब बिघडलेला असतो. म्हणून कमाल करंटच्या ५० ते ६५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहावं आणि कमी पडलं तर करंट न वाढवता मॉड्यूल वाढवावं.

विक्रेते दोन मोठे आकडे शेजारी-शेजारी छापतात: ५०-६० वॅट क्षमता आणि ६५ अंशांहून जास्त फरक. दोन्ही खरे आहेत, पण एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पूर्ण क्षमता मिळते ती तापमानातला फरक शून्य असताना, आणि पूर्ण फरक मिळतो तो उचलायची उष्णता शून्य असताना. प्रोसेसरला या दोहोंच्या मधली जागा लागते.

मॉड्यूल बंद पडलं तर

यावर फार कमी बोललं जातं, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. करंट थांबला की तीच वडी प्रोसेसर आणि वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली आडकाठी होते. गळतीचा आकडा उलटा वाचा: दर अंश फरकाला फक्त अर्धा वॅट पलीकडे जातो. ६५ वॅटचा प्रोसेसर एका बंद वडीखाली असेल, तर तेवढी उष्णता पलीकडे ढकलायला १३० अंशांचा फरक लागेल. अर्थात त्याच्या आधीच प्रोसेसर वेग कमी करतो आणि मग मशीन बंद पडतं. आजचे प्रोसेसर स्वतःला वाचवतात, पण त्या भरवशावर राहू नये. मॉड्यूलला वीज मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू होणार नाही आणि वीज गेली तर चालू राहणार नाही, अशी जोडणी पहिल्या दिवसापासून असावी.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. हीटसिंक न लावता, नुसतं बघू म्हणून मॉड्यूल कधीही १२ व्होल्टला जोडू नका. स्वस्त मॉड्यूलमधलं डाख बिस्मथ आणि कथिलाचं असतं आणि ते १३८ अंशांना वितळतं. उष्णतेला बाहेर जायला वाट नसेल तर तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. सुरुवातीला सांगितलेली दीड व्होल्टच्या सेलची चाचणी मात्र निर्धोक आहे. लाल तार सेलच्या प्लसला लावल्यावर जी बाजू गार पडेल ती प्रोसेसरकडे ठेवायची. छापलेली अक्षरं कोणत्या बाजूला आहेत यावर विसंबू नका, उत्पादकागणिक ती पद्धत बदलते.

शंभर वॅटसाठी काय लागतं

ओव्हरक्लॉक करून पूर्ण भाराला १०० वॅट उष्णता देणारा प्रोसेसर घेऊ. खोली ३० अंशांवर. थंड बाजू २० अंश हवी आणि गरम बाजू ४५ च्या वर जाऊ द्यायची नाही. फरक २५ अंश. वरच्याच सूत्राने एक मॉड्यूल ४ अँपिअरला ३० वॅट उचलतं आणि ३७ वॅट वीज घेतं. म्हणजे चार मॉड्यूल लागली: १२० वॅट उचलण्याची ताकद, १४८ वॅट वीज. वीसेक वॅटची जी जादा ताकद दिसते ती चैन नाही, आजूबाजूच्या हवेतून थंड भागांत शिरणारी उष्णता ती खाऊन टाकते. रेडिएटरवर पडणार जवळपास २७० वॅट. चांगल्या पंख्यांसह रेडिएटरचा १२० मिलिमीटरचा, एका पंख्यापुरता खण पाणी हवेपेक्षा दहा अंश गरम असताना सुमारे १०० वॅट टाकतो, असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लागला.

कोणी म्हणेल, तीनच मॉड्यूल घेऊ आणि थेट १२ व्होल्टला जोडू. मग प्रत्येकातून सुमारे ५.४ अँपिअर वाहतील. तिघं मिळून ११२ वॅट उचलतील, पण वीज घेतील १९५ वॅट. चौथ्या वडीला काहीशे रुपये पडतात आणि ती कायमचे ४७ वॅट वाचवते.

आता प्रामाणिक तुलना. तोच ३६० चा रेडिएटर पेल्टियरशिवाय वापरला तर १०० वॅटला पाणी ३४ अंशांच्या आसपास राहील. पेल्टियर लावून थंड पाणी २२ च्या आसपास मिळेल. फायदा सुमारे बारा अंशांचा. त्यासाठी रोज चार तास वापर धरला तर महिन्याला अठरा युनिट वीज, आणि पॉवर सप्लायमधला तोटा धरून वीस. थंड सिलिकॉनमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्ये, वाया जाणारा गळतीचा करंट कमी होतो, त्याच व्होल्टेजला थोडी जास्त क्लॉक स्थिर चालते. तेवढ्यासाठी हा खटाटोप करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आकडा समोर असताना ठरवावं.

१९९८ साली सेलेरॉन ३००ए आला. बसचा, म्हणजे प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० ला धावायचा, आणि उष्णता तीसेक वॅटच्या घरात. एक चांगली वडी आणि मोठा हीटसिंक एवढ्यावर काम भागायचं. पेल्टियरचे खरे दिवस ते. आता कोअर आय९-१०९००के घ्या. त्याची अल्पकाळची मर्यादा इंटेलनेच २५० वॅट ठेवलेली. वरच्याच हिशेबाने दहा मॉड्यूल, ३७० वॅट वीज आणि रेडिएटरवर सहाशेहून जास्त वॅट. तरीही २०२० च्या अखेरीस इंटेलने क्रायो कूलिंग नावाची योजना आणली. ईके आणि कूलर मास्टर या कूलर बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यासाठी पेल्टियर असलेले वॉटर ब्लॉक काढले. त्यांची दिशा योग्य होती: पूर्ण भाराच्या वेळी बर्फ पाडायचा प्रयत्न न करता, दोन-चार गाभ्यांवरचा हलका भार असताना, जसा खेळांमध्ये असतो, तापमान खाली ठेवायचं, आणि सेन्सर वाचून थंड पट्टी दवबिंदूच्या (ज्याच्याखाली हवेतलं पाणी साचतं त्या तापमानाच्या) वरच राखायची. २०२३ साली इंटेलने ही योजना गुंडाळली.

जोडणी करताना

एका वडीखाली प्रोसेसर आणि वर वॉटर ब्लॉक अशी थेट रचना ३०-४० वॅटपर्यंतच परवडते. त्यापुढे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी वेगळी जोडणी, करावा. मध्ये थंड पाण्याचा चपटा ब्लॉक, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मॉड्यूल आणि सर्वांत बाहेर गरम पाण्याचे दोन ब्लॉक, असं सँडविच. थंड पाण्याचा फेरा प्रोसेसरकडे जातो, गरम पाण्याचा रेडिएटरकडे. दोन फेरे, दोन पंप. पाण्याच्या साठ्यामुळे तापमान एकदम वरखाली होत नाही, आणि मॉड्यूल बंद पडलं तरी पाणी तापेपर्यंत सावरायला थोडा वेळ मिळतो.

सँडविचसाठी मिळणारे ४० बाय ८० मिलिमीटरचे स्वस्त ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात आणि प्रोसेसरवरचा ब्लॉक तांब्याचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, तळाशी पांढरा गाळ दिसतो. थंड फेऱ्यात सगळं तांब्याचं ठेवा, किंवा निदान गंजरोधक असलेलं कूलंट तरी वापरा.

ब्लॉकचे पृष्ठभाग सपाट हवेत, ०.०२५ मिलिमीटरच्या आत. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासले की ते जमतं. थर्मल पेस्ट दोन्ही बाजूंना, कागदाइतकी पातळ. बिस्मथ टेल्युराइडचे दाणे दाब चांगला सोसतात, पण आडवा जोर लागला की तडकतात. म्हणून ब्लॉक ठेवल्यावर तो पिरगाळू नये आणि एका कोपऱ्याचा स्क्रू आधी पूर्ण आवळू नये. समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आळीपाळीने घ्यावेत. हे स्क्रू गरम ब्लॉकपासून थंड ब्लॉकपर्यंत जातात, म्हणजे उष्णतेला परत यायला तो आयता रस्ता. स्टेनलेस स्टीलचे बारीक स्क्रू आणि डोक्याखाली नायलॉनचे वॉशर वापरले की तो रस्ता बराच बंद होतो. दोन ब्लॉकमध्ये मॉड्यूलच्या आजूबाजूला जी चार मिलिमीटरची फट राहते, ती फोमने गच्च भरावी.

मॉड्यूल तडकलं आहे की नाही हे मल्टिमीटरने ढोबळ कळतं. चांगल्या १२७०६ चा रोध खोलीच्या तापमानाला दोन ओहमच्या आसपास. वडी हातात धरून मोजू नका. हाताच्या उबेने ती स्वतःच वीज तयार करते आणि आकडा नाचत राहतो. टेबलावर ठेवा, मिनिटभर थांबा, मग मोजा. दुप्पट रोध दिसला तर आत चीर गेलेली आहे.

ताकद वाढावी म्हणून दोन सारखी मॉड्यूल एकावर एक ठेवण्याचा मोह आवरा. वरच्याला खालच्याने उचललेली उष्णता आणि खालच्याने खाल्लेली वीज, दोन्ही वाहायची असतात. म्हणूनच दोन थरांची तयार मॉड्यूल पिरॅमिडसारखी असतात, गरम बाजूचा थर मोठा.

वीजपुरवठा वेगळा ठेवा. चार मॉड्यूल समांतर जोडली तर ४ अँपिअरसाठी साधारण सव्वानऊ व्होल्ट आणि एकूण १६ अँपिअर लागतात. व्होल्टेज बदलता येणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), किंवा १२ व्होल्टनंतर तेवढ्या ताकदीचा, व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर. तारा जाड हव्यात, प्रत्येक मॉड्यूलच्या वाटेत स्वतंत्र फ्यूज हवा. करंट कमी-जास्त करण्यासाठी पंख्याला देतात तशी चालू-बंद करणारी पीडब्ल्यूएम थेट देऊ नये. दोन तृतीयांश वेळ ६ अँपिअर दिले तर सरासरी ४ च येते, पण ताप करंटच्या वर्गावर ठरतो: ३६ चे दोन तृतीयांश म्हणजे २४, आणि सलग ४ अँपिअरचा वर्ग १६. तेवढ्याच उपशासाठी दीडपट ताप. इंडक्टर आणि कपॅसिटरने ती सपाट करून घेतली तर चालते. नुसत्या रिलेचा (विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचचा) थर्मोस्टॅट आणखी वाईट. बंद असताना चार मॉड्यूलमधून दर अंशाला दोन वॅट परत झिरपतात, आणि वारंवार गरम-गार होऊन डाख थकतं.

सुरू करण्याचा क्रम असा: गरम फेऱ्याचा पंप आणि पंखे, मग थंड फेऱ्याचा पंप, मग मॉड्यूल, शेवटी कॉम्प्युटर. गरम ब्लॉकवर ६० अंशांना उघडणारा थर्मल स्विच बसवा आणि मॉड्यूलची वीज तोडणारा रिले त्याच्यावर चालवा. गरम बाजूचा पंप अडला तर सगळं वाचवणारा भाग हाच.

दव

हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून दवबिंदू ठरतो. त्याच्याखाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी साचतं. मुंबईत किंवा कोकण-गोव्यात पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांवर असतो. वर आपण धरलेलं २२ अंशांचं पाणी तिथे नळ्यांना घाम फोडेल. एसी खोलीत २५ अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू १४ वर येतो. पुण्यात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्क्यांना तो ११ च्या आसपास असतो. तीच जोडणी एका गावात कोरडी राहील, दुसरीकडे प्रोसेसरचं सॉकेट भिजवेल.

आणि पाणी पूर्ण भाराला साचत नाही, मशीन निवांत असताना साचतं. प्रोसेसर १५ वॅटवर आला आणि चारही मॉड्यूल ४ अँपिअरवरच राहिली, तर कागदावरच्या हिशेबाने थंड बाजू उणे वीस अंशांपर्यंत उतरते. प्रत्यक्षात हवेतून शिरणाऱ्या उष्णतेमुळे ती इतकी खाली जात नाही, पण चिलरमधलं पाणी गोठायला तेवढीही गरज नसते. म्हणून पाण्याचं तापमान मोजून करंट कमी करणारा कंट्रोलर हवाच, आणि त्याचा आकडा दवबिंदूपेक्षा दोन-तीन अंश वर लावलेला हवा. खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवलं की ऋतू बदलेल तसा तो आकडा बदलता येतो.

दवबिंदूच्या खाली मुद्दाम जायचंच असेल तर हवेला थंड पृष्ठभागापर्यंत पोहोचूच देऊ नये. सॉकेटभोवती बंद छिद्रांचा निओप्रीन फोम, नेमका कापून, फट न ठेवता. सॉकेटच्या मागे, मदरबोर्डच्या पाठीवरही तोच फोम. सगळे विसरतात ती ही जागा, आणि बोर्डाच्या तांब्यातून थंडी तिथवर पोहोचतेच. फोमखाली साधा वीजरोधक ग्रीस भरला की हवेला जागा उरत नाही. थंड फेऱ्याच्या नळ्यांवर एसीच्या पाइपवर असतं तसं काळं आवरण. मॉड्यूलच्या चारही कडा सिलिकॉन सीलंटने बंद करा, कारण आत ओल गेली की करंटमुळे दाण्यांचे सांधे गंजतात. सीलंट घेताना वास पाहा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा नको, त्यातल्या ॲसिडने तांबं हिरवं पडतं.

सगळं बसल्यावर पहिल्या दिवशी मशीन तासभर निवांत चालू ठेवा, भार देऊ नका. मग बंद करून प्लग काढा आणि टिश्यू पेपरची पातळ घडी फोमच्या कडेने, सॉकेटच्या मागे आणि नळीच्या प्रत्येक सांध्याखाली फिरवा. कुठेही कागद ओला झाला तर तिथला फोम उघडून, सुकवून पुन्हा बसवा, आणि तासभराची चाचणी परत घ्या.